दिवा आधी, गॅस नंतर: प्लांटेड टाकीत सीओटू लावल्यानंतरचे अकरा महिने

माझ्या प्लांटेड टाकीला, म्हणजे मासे आणि पाणवनस्पती असलेल्या काचेच्या टाकीला, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर लावून ११ महिने झाले. त्याआधी ५ महिने हीच टाकी, हाच दिवा आणि हीच माती गॅसशिवाय चालवली होती. दोन्ही बाजू एकाच काचेत बघायला मिळाल्या, म्हणून सविस्तर लिहिते आहे. गॅस लावावा की नाही या प्रश्नावर मी स्वतः महिनोन्‌महिने अडले होते, आणि आता वाटतं की मी चुकीच्या टोकाकडून विचार करत होते.

टाकी साधारण १०० लिटरची. पाण्याचा केएच (कार्बोनेट कठीणपणा) ४. वनस्पतींमध्ये मागे रोटाला आणि लुडविजिया, मध्ये क्रिप्ट्स, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न, पुढे माँटे कार्लोचं कार्पेट, म्हणजे माती झाकणारा हिरवा गालिचा, व्हावं ही इच्छा. आत रासबोरा माशांचा थवा, तळाशी राहणारे काही कोरी मासे आणि भरपूर चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या).

गॅस नव्हता तेव्हा दिवा पूर्ण ताकदीने ८ तास चालायचा. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवे ठिपके आले, मग जावा फर्नच्या कडांना धाग्यासारखं शेवाळ लोंबायला लागलं. रोटालाचे शेंडे आखडले, नवी पानं बारीक आणि वाकडी. मी खत वाढवलं, फरक शून्य. कारण अडलं होतं कार्बनवर. वनस्पतीच्या कोरड्या वजनातला जवळजवळ ४० टक्के भाग कार्बनचा असतो, आणि हवेशी समतोल झालेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो लिटरमागे साधारण ०.६ मिलिग्रॅम. मासे, जिवाणू आणि कुजणारी पानं यांच्यामुळे टाकीत तो थोडा जास्त असतो, पण फार नाही. त्यात हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो, म्हणजे पानाला चिकटून असलेल्या पाण्यातला संपला की पुढचा पोचायला वेळ लागतो. वरून प्रखर दिवा पानाला ‘वाढ, वाढ’ म्हणत असतो आणि पानाकडे वाढायला माल नसतो. तो न वापरलेला उजेड मग शेवाळाच्या कामी येतो.

हे समजल्यावर मी एकही वस्तू विकत आणली नाही. दिवा निम्म्यावर आणला आणि वेळ ६ तास केली. पाच-सहा आठवड्यांत टाकी निवळली. अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्ट्स इतके तजेलदार मी आधी पाहिले नव्हते. रोटाला मात्र हिरवी आणि लांबुडकी झाली, लाली गेली, आणि माँटे कार्लो जिवंत होतं पण पसरत नव्हतं. इथेच थांबले असते तरी ती एक निरोगी, सुंदर टाकी होती. हे मुद्दाम सांगते, कारण ‘गॅस नाही म्हणजे प्लांटेड टाकी अपुरी’ अशी समजूत फार पसरली आहे आणि ती खरी नाही.

मला कार्पेट हवंच होतं. म्हणजे उजेड वाढवणं आलं, आणि उजेड वाढवला की कार्बन पुरवणं आलं. निर्णय असा दिव्यापासून सुरू झाला.

सिलिंडरआधी साखर आणि यीस्टची बाटली करून पाहिली. पहिले ४ दिवस फसफसून गॅस, मग हळूहळू मंद, गारव्याच्या दिवसांत जवळजवळ बंद, आणि रात्री बंद करायची सोय नाही. तीन आठवड्यांत फिल्टरच्या तोंडावर आणि अनुबियासच्या कडांवर काळं ब्रशसारखं शेवाळ उगवलं. माझ्या टाकीत तरी कमी गॅसपेक्षा सतत वर-खाली होणारा गॅस जास्त महागात पडला. ‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारी बाटलीही वापरून झाली. त्यात बहुतेक वेळा ग्लुटारल्डिहाइड असतं. ते शेवाळ मारतं हे खरं, पण गॅसची जागा घेत नाही, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती त्याने वितळतात, आणि हाताला लागू देऊ नये असं ते रसायन आहे. मी पुन्हा आणणार नाही.

मग २ किलोचा सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा), बुडबुडे मोजायला बबल काउंटर, गॅसचे बारीक बुडबुडे करणारा सिरॅमिक डिफ्यूझर आणि रंग बदलून गॅसचं प्रमाण दाखवणारा ड्रॉप चेकर. या सगळ्यात कुठे काटकसर करू नये असं विचाराल तर नीडल व्हॉल्व्हवर, म्हणजे रेग्युलेटरवर गॅस कमी-जास्त करणाऱ्या बारीक व्हॉल्व्हवर. माझ्या पहिल्या रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह रात्रीत आपोआप सरकायचा. सकाळी सेकंदाला २ बुडबुडे लावावेत आणि दुसऱ्या दिवशी ४ दिसावेत. दोन महिन्यांनी तो बदलला आणि मनावरचा ताण गेला. डिफ्यूझर साधा असला तरी चालतो, फक्त दर तीन-चार आठवड्यांनी स्वच्छ करायचा.

बुडबुड्यांच्या आकड्याचं फार मनावर घेऊ नका. दुसऱ्याच्या टाकीतले २ आणि माझ्या टाकीतले २ यांचा संबंध नाही. बुडबुड्याचा आकार, डिफ्यूझर, पृष्ठभागाची हालचाल, सगळं वेगळं. मी पीएच मोजते. गॅस सुरू होण्याआधी ७.६, भर दुपारी ६.६. केएच ४ असताना ७.६ म्हणजे साधारण ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) गॅस आणि ६.६ म्हणजे ३० पीपीएम. पीएच एकाने उतरला की गॅस दहापट झाला. टाकीच्या पाण्यात इतर आम्लं असतील तर हे गणित फसतं, म्हणून जोडीला ड्रॉप चेकर. त्यात टाकीचं पाणी न घालता ४ केएचचं तयार द्रावण घालायचं. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त.

पण तो रंग तास-दोन तास उशिरा बोलतो, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी रंग निळसर वाटला, मी व्हॉल्व्ह थोडा उघडला आणि बाहेर गेले. चार तासांनी परत आले तर सगळे रासबोरा पृष्ठभागाशी तोंड काढून, कोरी तळाशी आडव्या, श्रिंप काठाला गोळा झालेले. गॅस बंद केला, फिल्टरचं तोंड वर वळवून पाणी खळबळवलं, निम्मं पाणी बदललं. दोन कोरी आणि बरेच श्रिंप गेले. ते मला अजून टोचतं. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी हे घडू शकतं, कारण बाहेर गॅस जास्त असला की माशाच्या रक्तातला गॅस कल्ल्यांतून बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि त्याची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद घटते. त्या दिवसापासून नियम एकच: व्हॉल्व्हला हात फक्त तेव्हा लावायचा, जेव्हा पुढचे तीन-चार तास मी टाकीसमोर असेन. आणि पृष्ठभाग कायम हलता ठेवायचा. त्यात थोडा गॅस उडून जातो, जाऊ दे; मासे मोकळा श्वास घेतात.

वेळापत्रक: गॅस दिव्याच्या २ तास आधी सुरू, दिवा मालवायच्या १ तास आधी बंद. रात्री वनस्पती गॅस घेत नाहीत, उलट सोडतात.

फरक? दहाव्या दिवशी रोटालाचे शेंडे सरळ झाले. महिन्याभरात लाली परतली. माँटे कार्लोने साडेतीन महिन्यांत पुढची सगळी माती झाकली. दुपारनंतर पानांवर मोत्यांसारखे ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात, आणि मी हातातलं काम टाकून बघत बसते. त्या दृश्याबद्दल जेवढं लिहावं तेवढं थोडंच.

त्याबरोबर भूकही वाढली. तिसऱ्या आठवड्यात लुडविजियाची खालची पानं पिवळी पडली, नायट्रेट तपासलं तर जवळजवळ शून्य. जुनी पानं आधी पिवळी पडणं हे नत्र कमी असल्याचं लक्षण. झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. आता नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश आणि लोह ठरलेल्या दिवशी घालते. पूर्वी महिन्यातून एकदा कात्री लागायची, आता दर आठवड्याला दीड तास ट्रिमिंग आणि निम्मं पाणी बदलणं. आठवडाभर बाहेर जायचं असेल तर मी दिवा आणि गॅस दोन्ही कमी करून जाते.

सिलिंडर नेहमी उभा ठेवा, आडवा झाला तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासा, आणि छोट्या बंद खोलीत तर हे विसरूच नका. किती गॅस उरला हे मीटरवर कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा ६० बारच्या आसपासच असतो. द्रव संपला की तो भराभर उतरतो आणि काही रेग्युलेटर नेमके तेव्हा जास्त गॅस सोडतात. म्हणून मी महिन्याला सिलिंडर वजनकाट्यावर ठेवते. पहिला जवळजवळ ६ महिने पुरला.

मंद उजेडातही गॅसचा फायदा होतो, हे मान्य. कार्बन सहज मिळाला की झाडाला तो ओढून घेण्यावर कमी ताकद खर्चावी लागते. पण अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट्स आणि मॉस एवढंच ठेवायचं असेल, तर त्या फायद्यासाठी रोजची ही जबाबदारी घ्यायला मी सांगणार नाही.

दुसरा सिलिंडरही आता हलका झालाय, काल वजन केलं तर आत जेमतेम २०० ग्रॅम गॅस. या आठवड्यात भरून आणेन. शेजारी एक २५ लिटरची टाकी आहे, मंद दिवा, मॉस आणि बुसेफलांड्रा ही हळू वाढणारी वनस्पती, आत फक्त श्रिंप. तिच्यासाठी नळीला फाटा काढून द्यायचा विचार दोनदा आला होता. तिला बुडबुड्यांची गरज नाही.