डीसीएसमध्ये कसरती: टीएफ-५१डी की सुखोई-२७?

डीसीएस या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये कोब्रा (उडता उडता नाक झटक्यात वर उभं करण्याची कसरत) मारायचाय म्हणून थेट सुखोई-२७ हे लढाऊ जेट घ्यावं का, असा प्रश्न पडलाय? जरा थांबा.

खर्च: टीएफ-५१डी (मस्टँग, प्रॉपेलरचं विमान) फुकट, सुखोई विकत.

मेहनत: सुखोईत संगणक सांभाळून घेतो, लूप (उभं वर्तुळ) सहज निघतो. कोब्रासाठी ठरावीक कळ दाबून संगणकाची मर्यादा सोडवायची आणि स्टिक मागे ओढायची. दिसतं भारी, हात फारसा तयार होत नाही. टीएफमध्ये लूपच्या माथ्यावर वेग पडला की नाक डावीकडे पळतं; उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) हवाच. स्टिक जास्त ओढलीत तर पंख पडून फिरकी!

हॅमरहेड (सरळ वर चढून, माथ्यावर रडरने वळून खाली येणं) टीएफवरच शिका; वेग संपला तरी प्रॉपेलरचा झोत रडरवर असतो, जेटमध्ये तो नाही.

पाया पक्का करायचाय, रडरची पेडल्स आहेत: टीएफ. जेट डॉगफाइटच खेळायची असेल तर सुखोई.