प्रकाशकाचं एआय-संमतिपत्र आलंय: सही, नकार की थोडं थांबायचं?

पत्र चार ओळींचं असतं. तुमच्या अमुक पुस्तकाचा मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी देण्यास संमती, मोबदला एकरकमी, खाली नाव आणि सही. लेखकापुढे तीन वाटा असतात: सही करून पैसे घेणं, नाही म्हणून हक्क राखणं, किंवा कोर्ट आणि सरकार काय करतं ते बघत थांबणं. तिन्हींचा हिशेब वेगळा आहे. मात्र तो मांडण्याआधी कपाटातला जुना करार बाहेर काढा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

हक्क आहे कुणाकडे?

संमती मागणाऱ्या प्रकाशकाकडे मुळात तो हक्क असतोच असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ मुळे हेच नियम परवान्यालाही लागतात. समजा २०१५ साली तुम्ही एका पानावर 'या पुस्तकाचे प्रकाशनहक्क देत आहे' एवढंच लिहून दिलं होतं. ते हक्क २०२० मध्येच तुमच्याकडे परत आले. प्रकाशक आवृत्त्या काढत राहतो, मानधनाचा चेकही येत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच. (१० मे १९९५ च्या आधीच्या करारांना मुदत आणि प्रदेशाचे हे नियम लागत नाहीत. वडिलांच्या जुन्या पुस्तकांचे करार तपासणाऱ्या वारसांनी तारीख आधी बघावी.)

दुसरी ओळ शोधायची ती अशी: 'सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क'. ही दिसली की लेखक हातपाय गाळतात. तशी गरज नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ ला एक परंतुक (अपवादाची अट) जोडलं आहे. करार होताना जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता, किंवा व्यापारी वापरात नव्हता, त्याला तो करार लागू होत नाही. करारात त्या प्रकाराचा नेमका उल्लेख असेल तरच लागू होतो. २०१६ च्या करारातल्या 'सर्व माध्यमां'त भाषा-मॉडेलचं (चॅटजीपीटीसारख्या एआयचं) प्रशिक्षण बसत नाही, हा युक्तिवाद लेखकाच्या बाजूने भक्कम आहे. प्रकाशकाचा वकील म्हणेल की प्रशिक्षण म्हणजे नुसती प्रत काढणं, हे काही वेगळं माध्यम नव्हे. वाद होऊ शकतो. पण प्रकाशक तुमची सही मागतोय, याचाच अर्थ त्यालाही स्वतःच्या हक्काची खात्री नाही.

दिवाळी अंकातल्या कथेचं त्याहून सोपं. तुम्ही अंकाचे नोकर नसाल तर पहिले मालक तुम्हीच, आणि लेखी हस्तांतरण नसेल तर संपादकाला ती कथा एआय कंपनीला देता येत नाही.

सही केली तर किती?

मोठ्या प्रकाशकाने दिलेला आणि आकड्यांसह बाहेर आलेला नमुना हार्परकॉलिन्सचा, नोव्हेंबर २०२४ चा. निवडक जुन्या ललितेतर पुस्तकांसाठी प्रत्येकी ५,००० डॉलर, त्यात लेखकाला २,५०० आणि प्रकाशकाला २,५००. मुदत ३ वर्षं, आणि लेखकाने हो म्हटलं तरच पुस्तक द्यायचं. डॉलर ८८ रुपये धरला तर लेखकाच्या हाती २ लाख २० हजार, म्हणजे वर्षाला साधारण ७३ हजार. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती आणि दहा टक्के मानधन या हिशेबाने वाढलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटेल. पण अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखक-संघटनेने याच वाटणीवर बोट ठेवलं: प्रशिक्षणाचा हक्क लेखकाचा असताना प्रकाशकाला अर्धा वाटा म्हणजे फार झाला.

हा नमुना वाईट नाही, कारण त्यात मुदत आहे आणि विचारणा आहे. उलट टोक पाहायचं तर विद्यापीठीय प्रकाशनांकडे बघा. टेलर अँड फ्रान्सिसची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला, सुरुवातीची रक्कम १ कोटी डॉलरहून जास्त, आणि लेखकांना आधी विचारलं गेलं नाही. पुण्या-मुंबईतल्या ज्या प्राध्यापकांनी टेलर अँड फ्रान्सिसच्याच रूटलेजकडे इंग्रजी ग्रंथ दिलेत, त्यांचे करार बहुधा संपूर्ण हस्तांतरणाचे असतात. त्यांच्यापुढे सही करू की नको हा प्रश्नच उरत नाही. मानधनाच्या पत्रकात हा वाटा दिसतो का, एवढंच त्यांनी तपासायचं.

मुदतीबद्दल एक खोच. मॉडेल एकदा शिकलं की ३ वर्षांनी ते विसरत नाही. मुदत संपली याचा अर्थ तुमची प्रत पुन्हा नव्या प्रशिक्षणात वापरायची नाही. म्हणून संमतिपत्रात 'मुदतीनंतर प्रत नष्ट करणे' आणि 'नव्या मॉडेलसाठी नवी संमती' ही दोन वाक्यं नसतील, तर ३ वर्षांची मुदत कागदावरच राहते.

कोर्टातून मिळालं तर किती?

इथे लोक एकच आकडा सांगतात: पुस्तकामागे ३,००० डॉलर. तो अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्धच्या अमेरिकेतल्या दाव्यातल्या तडजोडीचा. सप्टेंबर २०२५, एकूण १५० कोटी डॉलर, सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकं. पण पैसे कशाचे मिळाले ते नीट वाचायला हवं. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जून २०२५ मध्ये निकाल दिला की पुस्तकांवर मॉडेल शिकवणं हा 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर) आहे, विकत घेतलेली छापील पुस्तकं स्कॅन करणंही चालतं. अडचण झाली ती लिबजेनसारख्या चोरट्या साठ्यांतून लाखो पुस्तकं उतरवून ठेवल्याची. दोनच दिवसांनी मेटाच्या खटल्यात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सोबत हेही लिहिलं की एआयच्या मजकुराने बाजार भरून लेखकांची विक्री मारली जाते, हे पुराव्यानिशी मांडलं तर चित्र बदलू शकतं. त्या खटल्यातल्या लेखकांनी तो पुरावा नीट मांडला नव्हता.

आणि ३,००० डॉलर सरसकट नव्हते. पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) किंवा ॲमेझॉनचा क्रमांक हवा होता. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात प्रकाशनापासून ५ वर्षांच्या आत नोंदणी हवी होती, तीही कंपनीने पुस्तक उतरवण्याआधी किंवा प्रकाशनानंतर ३ महिन्यांत. रक्कम वकिलांची फी वजा होण्याआधीची, आणि सर्वसाधारण पुस्तकांत लेखक व प्रकाशक यांची वाटणी निम्मी-निम्मी. दाव्याची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली. फक्त मराठीत छापलेलं, अमेरिकेत न नोंदवलेलं पुस्तक त्या चोरट्या साठ्यात असलं तरी या यादीत येऊ शकत नव्हतं.

मराठी लेखकाला यातून उपयोगी पडेल ते एवढंच: इंग्रजी अनुवाद निघाला असेल किंवा निघणार असेल, तर त्याची अमेरिकेत नोंदणी प्रकाशनापासून ३ महिन्यांत करून घ्या. फी ४५ ते ६५ डॉलर. तिथे कायद्याने ठरलेली भरपाई कामामागे ७५० डॉलरपासून सुरू होते, पण उल्लंघनाआधी नोंदणी नसेल तर ती मागता येत नाही. अनुवादकाचाही अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो, तेव्हा वाटणी आधीच लिहून ठेवा. नंतर लिहायला बसलात तर मैत्री जाते.

सरकारची वाट बघितली तर?

केंद्राच्या उद्योग विभागाने (डीपीआयआयटी) ८ डिसेंबर २०२५ रोजी कार्यपत्रिका काढली. कल्पना अशी: कायदेशीर मार्गाने मिळालेला कुठलाही मजकूर कंपन्यांनी परवानगी न विचारता प्रशिक्षणाला वापरावा, बदल्यात उत्पन्नाच्या प्रमाणात रॉयल्टी भरावी. दर सरकारने नेमलेली समिती ठरवणार, गोळा करून वाटणार एक मध्यवर्ती संस्था. लेखकाला नकाराचा हक्क नाही. हा प्रस्ताव आहे, कायदा नाही. आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेने त्याला विरोध नोंदवलाय, कारण त्यांना पैसे न भरता वापरण्याची मोकळीक हवी आहे. तिकडे दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात भारतीय प्रकाशकांचा महासंघही उतरला आहे.

ज्याला कुणी मोठा प्रकाशक पत्र पाठवणार नाही, त्या कोल्हापूरच्या किंवा म्हापशाच्या लेखकासाठी ही वाट वरच्या दोन्हींपेक्षा बरी ठरू शकते. धोका वाटपात आहे. उत्पन्नातला वाटा लाखो पुस्तकांत विभागला की हाती काय येईल? शिवाय कागद नसलेल्या माणसापर्यंत अशा संस्थांचे पैसे पोचायला उशीर होतो. म्हणून थांबायचं असेल तर रिकामं थांबू नका. भारतात कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे आणि नोंदणी हा मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. वारसांनी वारसाचे कागद आणि भावंडांचं संमतिपत्र आताच करून ठेवावं. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा १९९० साली गेलेल्या लेखकाची पुस्तकं २०५० अखेरपर्यंत घरच्यांची आहेत.

मग कुणी काय करावं

कथा-कादंबरी-कवितेच्या लेखकाने आज एकरकमी सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शैली हेच त्याचं भांडवल, आणि त्याची किंमत अजून ठरलेली नाही. स्वयंपाक, शेती, स्पर्धापरीक्षा अशा विषयांवरची, चार वर्षांत शिळी होणारी पुस्तकं असतील तर मुदतबंद, एकाच कंपनीपुरती, लेखकाला निम्म्याहून जास्त वाटा देणारी संमती द्यायला हरकत नाही. मॉडेलच्या उत्तरात पुस्तकाचा सलग मजकूर किती शब्दांपर्यंत येऊ शकतो, याची मर्यादाही लिहून घ्या.

नकार द्यायचा असेल तर तोंडी देऊ नका. पुस्तकाच्या हक्कपानावर प्रशिक्षणाला मनाई छापायची पद्धत पेंग्विन रँडम हाउसने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. युरोपात यंत्राला वाचता येईल अशा राखीव-सूचनेला कायद्याने वजन आहे. भारतात ती निदान पुरावा म्हणून कामी येते. नव्या करारात मात्र हे कलम घालाच:

'या पुस्तकाचा मजकूर, संपूर्ण वा अंशतः, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी देण्याचा हक्क लेखकाकडे राखीव आहे. लेखकाच्या स्वतंत्र, लेखी व प्रत्येक कंपनीसाठी वेगळ्या संमतीशिवाय प्रकाशक तो देणार नाही.'

प्रकाशक 'स्वतंत्र' आणि 'प्रत्येक कंपनीसाठी वेगळ्या' हे शब्द खोडून परत पाठवेल. ते पुन्हा लिहा, आणि खोडलेली प्रत जपून ठेवा.