एनव्हीडीएला गप्प करायला शिकले

ओझरच्या पुढे एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये मी ऑफिस सांभाळते. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, प्लॉट, गाडी नंबर, पेट्या, वजन, सगळं एक्सेलमध्ये. रातांधळेपणापासून सुरू झालेलं दुखणं तिशीच्या आत दोन्ही डोळे घेऊन गेलं, त्यामुळे हे सगळं मी कानानं करते. सहा वर्षं झाली, एनव्हीडीए वापरते. त्यातली पहिली दोन अक्षरशः फुकट घालवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याच्यासारखाच अंध मित्र येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी संगीताच्या शिबिरातली. पैसे लागत नाहीत, देणगी द्यायची तर द्या. पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतो. फुकट आहे म्हणून कमअस्सल असेल, हा संशय मलाही होता. आता नाही.

मग दोन वर्षं वाया कशी गेली? मी जिथे शिकले तिथे टॅब आणि बाण, एवढंच शिकवलं. नाव घेत नाही, कारण शिकवणाऱ्या बाई मनानं फार चांगल्या होत्या. वेबसाइट उघडली की टॅब, टॅब, टॅब. लॉगिनच्या चौकटीपर्यंत पोचेस्तोवर चहा गार. एक्सेलमध्ये प्रत्येक घर बदललं की आधी आकडा, मग त्या घराचा पत्ता, 'सी चौदा', 'डी चौदा'. टाइप करताना अक्षरागणिक उच्चार. संध्याकाळी डोकं भणभणायचं आणि मला वाटायचं, डोळे नसले की काम असंच हळू होणार.

सगळे सांगतात, आवाजाचा वेग वाढव. वाढवला. सोबत येणारा ईस्पीक हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पहिल्यांदा ऐकला की नकोसा होतो, पण भरधाव सोडला तरी शब्द तुटत नाही. गोड, माणसासारखे आवाज त्या वेगाला अडखळतात. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणतो, "ताई, तुमच्या मशीनला भूत लागलंय." असू दे. पण खरं सांगू, वेगानं माझं काम थोडंच सुधारलं. खरा फरक पडला तो ऐकणं कमी केल्यावर.

पहिलं म्हणजे कंट्रोल. एकदा दाबला की बोलणं तिथल्या तिथे बंद. वाक्याची पहिली दोन अक्षरं ऐकून कळलं की पुढचं नको, तर कापा. दिवसाला शेकडो वेळा कापते मी. दुसरं, इन्सर्ट आणि २ दाबून टाइप होणाऱ्या अक्षरांचा उच्चार बंद केला. बोटांना आपली जागा माहीत असते, एफ आणि जेवरची उंच रेघ त्यासाठीच असते. इन्सर्ट आणि ३ नं शब्दांचा उच्चार चालू केला की शब्द पूर्ण झाल्यावर ऐकू येतो, तेवढं पुरतं.

तिसरी गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण माझा हंगाम तिनं वाचवला. एनव्हीडीएमध्ये प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे वेगवेगळे संच, करता येतात. इन्सर्ट, कंट्रोल आणि पी दाबलं की ती खिडकी उघडते. मी एक्सेलसाठी वेगळं प्रोफाइल केलं. एक्सेल समोर आलं की ते आपोआप लागू होतं. त्यात घरांचे पत्ते बंद, विरामचिन्हं बंद. मथळ्यांच्या ओळीतल्या पहिल्या घरावर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबलं की रकाना बदलताना मथळा ऐकू येतो. आता आडवं सरकताना कानावर काय पडतं? "पेट्या, ३२०. वजन, १६००." बस. हा 'डी चौदा' कोणाचा, हे आठवत बसावं लागत नाही.

उलट बिलं तपासताना सगळं ऐकायचं असतं. जीएसटी नंबर १५ अक्षरी, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होणारा. त्यात बी की डी की पी, हा घोळ घातला की पुढे महिनाभर फोन. तिथे नमपॅडवरचा ५ पटापट तीनदा दाबते, तो अक्षर अक्षर सुटं करून बीला 'ब्राव्हो', डीला 'डेल्टा' असं सांगतो. गाडी नंबरांचंही तसंच. एमएच १५ पर्यंत सगळ्यांचं सारखं, भानगड पुढच्या दोन अक्षरांत. म्हणून सांगते, नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर कुढत बसू नका. नाशिकच्या एम. जी. रोडवरून साधा यूएसबी कीबोर्ड आणा. पहिला दिवस बोटं चाचपडतील, नंतर नाही.

वेबसाइटवर टॅब मारणं तर सोडाच. एचनं मथळ्यावरून मथळ्यावर, ईनं लिहायच्या चौकटीवर, बीनं बटणावर, टीनं तक्त्यावर. शिफ्ट धरला की उलट. पान फार मोठं असेल तर इन्सर्ट आणि एफ७ दाबते, सगळ्या लिंकची यादी येते, पहिली दोन अक्षरं टाइप केली की हवी ती सापडते.

गावांची नावं मात्र इंग्रजी आवाज पार वाकडी करतो. निफाडचं काय व्हायचं ते लिहूनही दाखवता येणार नाही. त्यावर स्पीच डिक्शनरी आहे. इकडे मूळ शब्द, तिकडे कसा म्हणायचा ते. एका रविवारी दुपारी बसून आमची चाळीसेक गावं भरून टाकली.

आता नाराजी. एका कार्यालयातून आलेलं मराठी पत्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. पडद्यावर म्हणे स्वच्छ मराठी, माझ्या कानात इंग्रजी अक्षरांचा कचरा. यात एनव्हीडीएचा दोष नाही, फाइलमध्ये अक्षरंच ती नाहीत. पण भोगायचं मलाच. स्कॅन केलेलं इंग्रजी कागदपत्र असलं तर इन्सर्ट आणि आरनं बरंचसं वाचून होतं, रकाने मात्र एकमेकांत मिसळतात. आणि चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारी पोर्टलं! तिथे आमच्या मालकांना, नानांना हाक मारावी लागते. मालकाला हाक मारून 'एवढं वाचून द्या' म्हणायचं, हे सहा वर्षांनीही जड जातं.

खरी अडचण शिकवणाऱ्याची. प्रोग्राम फुकट, पण कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडायचं हे सांगणारं माणूस भेटावं लागतं. मला ते फोनवर भेटलं. २०२५.१ या आवृत्तीपासून एनव्हीडीएच्या आतच दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायची सोय आली आहे. दोघांनी एकच परवलीचा शब्द टाकायचा, मग त्याचं मशीन इकडे ऐकू येतं. मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका मुलाला असंच जोडून घेतलं. बारावी झालाय, फॉर्म भरत होता. त्याचं टॅब, टॅब, टॅब ऐकू यायला लागलं. अकरापर्यंत मोजलं, मग राहवेना.

"थांब. ई दाब."

दाबलं. चौकट आली. बराच वेळ तिकडून काहीच नाही.

मग म्हणाला, "मावशी, हे आधी का नाही सांगितलं कोणी?"