पेरोल सॉफ्टवेअरमधली लाँग सर्व्हिस लीव्ह: चौदा महिने वापरल्यावर

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका फूड पॅकेजिंग कंपनीत मी पेरोल बघते. माणसं दीडशेच्या आसपास. बहुतेक व्हिक्टोरियात, अकराजण साउथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या गोदामात आणि चौघं न्यू साउथ वेल्समध्ये सिडनीत. मागच्या वर्षी जुनं सॉफ्टवेअर बंद करून आम्ही क्लाउडवरचं घेतलं. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगतेय त्या अडचणी ओळखीतल्या पेरोलवाल्यांना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आल्यात. पगार, टॅक्स, सुपर (मालकानं कामगाराच्या निवृत्तीसाठी भरायचे पैसे), एसटीपी (दर पगाराची माहिती टॅक्स ऑफिसला पाठवणं) हे सगळं पहिल्या महिन्यापासून बिनबोभाट चाललं. रडवलं ते एलएसएलनं, म्हणजे लाँग सर्व्हिस लीव्हनं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: एकाच मालकाकडे बरीच वर्षं टिकलं की वार्षिक रजेखेरीज मिळणारी ही भरपगारी रजा. ग्रॅच्युइटी डोळ्यांपुढे आणा. फक्त ती नोकरी सोडताना पैशांत मिळते आणि ही नोकरीत असतानाच सुट्टी म्हणून घ्यायची असते. १८६० च्या दशकात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियातल्या सरकारी नोकरांना बोटीनं विलायतेला घरी जाऊन येता यावं म्हणून ती सुरू झाली. आता त्याच रजेवर आमच्यातले लोक मे महिन्यात रत्नागिरीला आंबे खायला जातात. म्हणजे हेतू काही फारसा बदललेला नाही.

गोम अशी की देश एक असला तरी या रजेचे कायदे राज्यागणिक वेगळे. व्हिक्टोरियात २०१८ चा कायदा आहे, १ नोव्हेंबर २०१८ पासून लागू: सात वर्षं झाली की रजा घेता येते, आणि दर ६० आठवड्यांच्या नोकरीमागे एक आठवडा जमतो. न्यू साउथ वेल्समध्ये अजून १९५५ चाच कायदा: दहा वर्षांनी दोन महिने, म्हणजे ८.६७ आठवडे. या तिघांत साउथ ऑस्ट्रेलिया सगळ्यांत उदार, दहा वर्षांना १३ आठवडे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी डेमोत सांगितलं होतं की 'एलएसएलचं टेम्प्लेट तयारच आहे.' होतं खरं. एकच. दर भरलेला होता तासाला ०.०१६६६७, म्हणजे एक भागिले साठ, आणि डेटा हलवून देणाऱ्या कन्सल्टंटनं दीडशेच्या दीडशे माणसांना तेच लावून टाकलं. चूक माझीही आहे. ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीला प्रत्येकाच्या नावावर दिसणारी साठलेली रजा) मी व्हिक्टोरियाचे पंधरा-वीस तपासले, बरोबर निघाले, आणि सही केली.

तीन महिन्यांनी ॲडलेडच्या एका फोर्कलिफ्टवाल्यानं राजीनामा दिला. आठ वर्षं पूर्ण. तिकडे सात वर्षांनंतर रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडली तरी साठलेल्या रजेचे पैसे मिळतात. सॉफ्टवेअरनं हिशोब काढला ६.९३ आठवड्यांचा. तो शांतपणे म्हणाला, "मी तर १०.४ धरले होते." त्याचं बरोबर होतं: आठ गुणिले १.३. साडेतीन आठवड्यांचा पगार आम्ही बुडवला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्याच आठवड्यात मी ॲडलेडसाठी वेगळी पॉलिसी केली. आठवड्याला ३८ तास धरले तर वर्षाला ४९.४ तास. व्हिक्टोरियाचे ३२.९३ आहेत. अकराही जणांचे बॅलन्स हातानं दुरुस्त केले.

इथवरचं दुखणं सेटिंगनं बरं होण्यासारखं होतं. खरं दुखणं मला माझ्याच पेस्लिपवर सापडलं.

मी इथे नऊ वर्षं आहे. मुलगी लहान होती म्हणून पहिली सहा वर्षं आठवड्याला १९ तास, आणि गेली तीन वर्षं पूर्णवेळ ३८ तास. सॉफ्टवेअर प्रत्येक पगारात जितके तास काम झालं त्याचा साठावा भाग जमा करत जातं, म्हणून माझ्या नावावर १९७.६ तास दिसत होते. पण व्हिक्टोरियाचा कायदा तासांत बोलतच नाही, तो आठवड्यांत बोलतो. नऊ वर्षं म्हणजे ४६८ आठवडे, भागिले ६० म्हणजे ७.८ आठवड्यांची रजा. आणि रजेतला आठवडा कोणता, तर रजेवर जातानाचा माझा नेहमीचा आठवडा, ३८ तासांचा. म्हणजे २९६.४ तास. फरक ९८.८ तासांचा, पूर्णवेळ माणसाचे बरोब्बर तेरा दिवस.

दोन दिवस मी गप्प बसले. स्वतःच्याच रजेचं बॅलन्स स्वतःच वाढवायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. शेवटी कागदावर हिशोब मांडून फायनान्स मॅनेजरपुढे ठेवला, त्यांनी तपासून सही केली, मगच आकडा बदलला. नंतर पार्ट टाइमवरून फुल टाइमवर आलेल्या सगळ्यांची यादी काढली. तेवीसजण निघाले, आणि त्यात बायकाच जास्त. पोरं शाळेत जाऊ लागली की तास वाढवून घेतलेल्या.

उलट्या बाजूचं म्हणजे तास कमी केलेल्यांचं त्रांगडं याहून किचकट आहे. गेल्या १०४ आठवड्यांत तास बदलले असतील तर तीन सरासऱ्या काढायच्या: शेवटच्या ५२ आठवड्यांची, २६० आठवड्यांची आणि पूर्ण नोकरीची. त्यातली सगळ्यांत मोठी धरायची. हे गणित आमचं सॉफ्टवेअर करत नाही. रिपोर्ट काढून एक्सेलमध्येच करावं लागतं.

तसंच पॅरेंटल लीव्हचं. १ नोव्हेंबर २०१८ नंतरची बिनपगारी पॅरेंटल लीव्ह ५२ आठवड्यांपर्यंत व्हिक्टोरियात सेवेत धरली जाते. सॉफ्टवेअरला पगाराचे तास दिसले नाहीत की ते शून्य जमा करतं. आता अशी रजा मंजूर झाली की मी त्या माणसाची पॉलिसी तासांवरून काढून 'दर पगारामागे ठरावीक' वर टाकते आणि परत आल्यावर पुन्हा पूर्ववत करते. कॅलेंडरात आठवण लावली नाही तर हे विसरायला होतं. एकदा झालंही.

चांगलं काय ते सांगायलाच हवं. नोकरीला लागल्याची तारीख आणि एलएसएलची सेवा सुरू झाल्याची तारीख अशी दोन वेगळी खणं यात आहेत, आणि हे फार मोलाचं आहे. आम्ही काही वर्षांपूर्वी एक छोटा धंदा विकत घेतला होता, त्यातल्या माणसांची जुनी सेवा त्यांच्याबरोबर आली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी खोटी जॉइनिंग डेट टाकून ठेवावी लागायची. शिवाय सात वर्षं पूर्ण व्हायच्या आधीचं बॅलन्स पेस्लिपवर दाखवायचं की नाही, याचा एक टिकमार्क आहे. सुरुवातीला तो चालू राहिला होता. दोन वर्षं झालेल्या एका पोरानं ६५.८७ तास बघून थेट सुट्टीचा अर्ज टाकला, नि नाही म्हटल्यावर युनियनच्या प्रतिनिधीला घेऊन आला. समजावून सांगितल्यावर हसले दोघंही. टिकमार्क त्याच दिवशी काढला.

सुपरचं खातं नीट आहे. नोकरीत असताना घेतलेल्या रजेवर सुपर लागतं (१ जुलै २०२५ पासून १२ टक्के), नोकरी सोडताना न घेतलेल्या रजेचे पैसे दिले तर त्यावर लागत नाही. हे दोन्ही आयटम तयारच वेगळे मिळाले. पण त्यांच्या शेजारीच 'कॅश आउट' नावाचा आयटमही सगळ्यांना उघडा होता. व्हिक्टोरियात नोकरी चालू असताना रजेऐवजी पैसे देणं हा गुन्हा आहे. मी तो लपवून टाकला. तुम्हीही पहिल्याच दिवशी लपवा.

अर्ध्या पगारावर दुप्पट रजा मात्र याला अजिबात जमत नाही. व्हिक्टोरियात कामगार तशी मागणी करू शकतो. आमच्याकडच्या एकाला चार आठवड्यांऐवजी आठ आठवडे भारतात राहायचं होतं. रजा टाकली तर सॉफ्टवेअरनं पगार अर्धा केला, पण बॅलन्समधून तास पूर्ण आठ आठवड्यांचे कापले. दर पंधरवड्याला मी निम्मे तास परत घालत बसले.

आणि सिडनीचे चौघं. तिकडे पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान नोकरी सुटली तर पैसे द्यायचे की नाही हे कारणावर ठरतं: आजारपण, घरची तातडीची निकड, मालकानं कमी केलं, वगैरे. साधा राजीनामा असेल तर नाही. सॉफ्टवेअरला कारण विचारायचं सुचत नाही, ते फक्त वर्षं मोजतं. चारच माणसं असल्यामुळे तिथे मी पॉलिसीत 'दहा वर्षं' टाकलंय आणि बाकी डोक्यात ठेवलंय.

पाचपैकी साडेतीन तारे देईन, तेही पगाराच्या बाजूमुळे. पन्नासपेक्षा कमी माणसं, सगळी एकाच राज्यात आणि सगळी पूर्णवेळ असतील तर निर्धास्त घ्या. पार्ट टाइम जास्त असतील तर डेमोच्या वेळी माझं उदाहरण त्यांच्यापुढे ठेवा: सहा वर्षं १९ तास, तीन वर्षं ३८ तास, आकडा किती? २९६.४ आला तर मला कळवा.

आठवड्यांत बॅलन्स ठेवायची सोय द्या, अशी विनंती मी सपोर्टकडे दहा महिन्यांपूर्वी नोंदवली आहे. तिकिटावर अजून 'विचाराधीन' दिसतंय. दरम्यान एप्रिलअखेरपासून माझी सहा आठवड्यांची रजा मंजूर झालीये, आणि ती सिस्टिममध्ये टाकायचं काम अर्थातच माझ्याकडेच आलंय.