व्हॅम्पायर फिफ्थ एडिशनचे पाच डेक: ठाण्यातल्या टेबलावर भांडणाविना चालतील का?

'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल' हा चार-पाच जणांनी गोल बसून खेळायचा पत्त्यांचा खेळ. रिचर्ड गारफिल्डने १९९४ मध्ये तो 'जिहाद' या नावाने आणला आणि १९९५ मध्ये त्याचं नाव बदललं. २०१० मध्ये छपाई थांबली, ती ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्सने २०१८ पासून पुन्हा सुरू केली. इथे ज्याबद्दल लिहितोय ती 'फिफ्थ एडिशन' २०२० सालची. मॅल्केव्हियन, नॉसफेराटू, टोरेडोर, ट्रेमियर आणि व्हेंट्रू या पाच कुळांचे पाच तयार डेक. ते उघडायचे, पिसायचे आणि बसायचं.

प्रश्न एवढाच, की घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पाच नवे खेळाडू जमले आणि नियम जाणणारं कुणी सोबत नसलं, तर डाव दोन तासांत पुरा होतो का? स्पर्धेतली फेरीसुद्धा दोन तासांचीच असते. ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांना परत जायची घाईही असते. उत्तर: होतो, पण डेकसोबत आणखी एक पान हाताशी हवं. त्या पानावर काय असावं ते पुढे येईलच.

आधी जमेची बाजू. नव्या कार्डांवरचा मजकूर जुन्यापेक्षा खूपच नेटका आहे. वापरलेलं कार्ड आडवं करायला पूर्वी 'टॅप' म्हणायचे, ते जाऊन 'लॉक' (आणि परत उभं करायला 'अनलॉक') आलं. ब्लीड (समोरच्याचा पूल, म्हणजे डावात टिकायचे गुण, कमी करणारा हल्ला) वाढवणाऱ्या कार्डांवर पूर्वी अख्खं वाक्य असायचं, तिथे आता कंसात 'लिमिटेड' एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या ॲक्शनमध्ये ब्लीड वाढवणारं दुसरं ॲक्शन मॉडिफायर (चालू ॲक्शनमध्ये बदल करणारं कार्ड) चालणार नाही. नवखे खेळाडू मात्र यातून 'ब्लीड एकदाच वाढवता येतं' असा अर्थ काढतात आणि तिथे चुकतात. 'गव्हर्न द अनअलाइन्ड' हे स्वतःच ॲक्शन कार्ड आहे, मॉडिफायर नाही. त्याचे अधिक २, व्हॅम्पायरचा मूळचा १ आणि वर 'कंडिशनिंग' या मॉडिफायरचे वरच्या पातळीवरचे (त्या शक्तीत तरबेज व्हॅम्पायरला मिळणारे) अधिक ३ मिळून ब्लीड ६ होतं, आणि ते पूर्ण नियमात बसतं. समोरच्याचा पूल ३० पासून सुरू होतो, म्हणजे असे पाच ब्लीड लागले की तो डावातून बाहेर.

मजकूर सुधारला तरी टेबलावरचे वाद पूर्ण थांबत नाहीत, कारण बहुतेक वेळा भांडण कार्डाच्या अर्थावरून नसतं. ते कार्ड कधी टाकायचं यावरून असतं. सोबतच्या नियमपुस्तकात याची उत्तरं आहेत, पण ती विखुरलेली आहेत. आमची या उत्पादनाबद्दलची मोठी तक्रार हीच. नव्या माणसाला ज्या क्षणी उत्तर हवं असतं, त्या क्षणी ते सापडत नाही.

म्हणून ब्लीडचा क्रम एकदा नीट मांडू. ॲक्शन करणारा व्हॅम्पायर लॉक होतो आणि ब्लीड जाहीर होतं. ब्लीड ही 'डी' खुणेची, म्हणजे एखाद्या खेळाडूवर रोखलेली ॲक्शन आहे, त्यामुळे ती अडवण्याचा हक्क फक्त ज्याच्यावर रोखली त्यालाच. (खूण नसलेली ॲक्शन शिकार आणि शिकारी, म्हणजे डावीकडचा आणि उजवीकडचा, दोघेही अडवू शकतात. आधी विचारायचं ते डावीकडच्याला.) अडवणाऱ्याचा इंटरसेप्ट (अडवायची ताकद) ॲक्शन करणाऱ्याच्या स्टेल्थइतका (लपायच्या ताकदीइतका) किंवा जास्त असेल तर ब्लॉक लागतो. ब्लीडला मूळची स्टेल्थ शून्य, साध्या मिनियनचा (खेळाडूच्या व्हॅम्पायरचा किंवा साथीदाराचा) इंटरसेप्ट शून्य. शून्याला शून्य पुरतो, म्हणून कुणी काहीच टाकलं नाही तर ब्लॉक लागतो. हे पहिल्या डावात जवळजवळ प्रत्येकाला उलटं वाटतं.

स्टेल्थ 'गरज पडल्यावरच' टाकता येते. समोरच्याने अडवायला मिनियन पुढे केला आणि तो खरोखर अडवू शकत असेल, तेव्हाच. आधीच सावधगिरी म्हणून दोन-तीन स्टेल्थ कार्डं टाकून ठेवणं चालत नाही. इंटरसेप्टलाही हाच नियम. शिवाय एकाच ॲक्शनमध्ये एक मिनियन एकाच नावाचं मॉडिफायर दोनदा टाकू शकत नाही, एकदा खालच्या पातळीवर आणि एकदा वरच्या पातळीवर असंही नाही. रिॲक्शन (बचाव करणाऱ्याने टाकायच्या) कार्डांचंही तसंच, फक्त दुसरा मिनियन त्याच नावाचं कार्ड टाकू शकतो.

एक प्रयत्न फसला तर बचाव करणारा आणखी प्रयत्न करू शकतो. पण 'आता अडवत नाही' म्हटलं की ते पक्कं, मागे घेता येत नाही. बहुतेक वाद याच्या पुढे पेटतात.

ब्लॉक सोडून दिल्यावर संधी पहिल्यांदा ॲक्शन करणाऱ्याची. त्याने 'कंडिशनिंग' टाकलं तर ब्लीड वाढलं. मग संधी बचाव करणाऱ्याकडे जाते आणि तो 'डिफ्लेक्शन' टाकून तेच वाढलेलं ब्लीड दुसऱ्या कुणावर, बहुधा स्वतःच्या डावीकडच्यावर, ढकलू शकतो. ब्लीड करणाऱ्यावरच ते उलटवता मात्र येत नाही. हे टाळायला ॲक्शन करणारा काही न टाकता 'पुढे' म्हणून थांबू शकतो. पण इथे मोठा धोका आहे. त्याच्या पाठोपाठ बाकीच्यांनीही काही टाकलं नाही तर ॲक्शन तिथेच निकाली निघते. 'थांबा, आता मी वाढवतो' याला जागाच उरत नाही. कुणी एकाने जरी कार्ड टाकलं तर संधी फिरून पुन्हा ॲक्शन करणाऱ्याकडे येते. म्हणजे डिफ्लेक्शन पडल्यानंतर ज्याच्याकडे ब्लीड गेलं त्याला जास्त मारायचं असेल, तर मॉडिफायर तेव्हाही टाकता येतं. ब्लीड ज्याच्यावर आलं तो नवा खेळाडू मात्र अडवू शकतो. पहिल्याने ब्लॉक सोडला होता, त्याने सोडलेला नाही.

डिफ्लेक्शनमधला आणखी एक बारकावा: खालच्या पातळीवर टाकणारा व्हॅम्पायर लॉक होतो, वरच्या पातळीवर होत नाही. पातळी कार्ड टाकतानाच सांगायची. वरची पातळी असलेला व्हॅम्पायर खालची निवडू शकतो, पण दोन्ही मजकूर एकत्र मिळत नाहीत. वरच्या पातळीचा मजकूर कार्डाच्या खालच्या ओळीत असतो, तिथे 'वरीलप्रमाणे' अशा अर्थाचे शब्द असतील तरच वरची ओळ लागू होते. कार्ड घाईने वाचणारे इथे हमखास फसतात.

काही शब्दांचे अर्थ पाच मिनिटांत सांगून टाकावेत. 'रेडी' म्हणजे अनलॉक नव्हे. लॉक झालेला व्हॅम्पायरही रेडी असतो, टॉर्परमध्ये (जखमी होऊन निपचित) गेलेला नसतो. म्हणून कार्डावर 'रेडी व्हॅम्पायर निवडा' असेल तर आडवा पडलेलाही निवडता येतो. 'यंगर' म्हणजे कपॅसिटी (रक्त धरायची क्षमता) कमी असलेला, बरोबरीचा नाही. कार्ड 'बर्न' झालं की राखेच्या ढिगात, रक्त किंवा पूल 'बर्न' झाला की बँकेत. रक्त शून्य असलेल्या अनलॉक व्हॅम्पायरला आपल्या पाळीत 'हंट', म्हणजे रक्त मिळवायची ॲक्शन करावीच लागते, त्याच्याकडून दुसरी ॲक्शन करून घेता येत नाही.

एकाच व्हॅम्पायरला एका पाळीत दोनदा ब्लीड करता येत नाही, मध्ये कुठल्या कार्डाने तो अनलॉक झाला तरी. राजकीय (मतदान घडवणाऱ्या) ॲक्शनचंही तसंच, आणि एकाच नावाच्या ॲक्शन कार्डाचंही.

'सडन रिव्हर्सल' आणि 'डायरेक्ट इंटरव्हेन्शन' यांसारखी रद्द करणारी कार्डं टाकायची वेळ एकच: समोरचं कार्ड पडतं तो क्षण. परिणाम लागल्यावर हात वर करून उपयोग नाही. पहिलं मास्टर (मिनियनने नव्हे, खेळाडूने स्वतः टाकायच्या) कार्डावर चालतं, दुसरं मिनियनच्या कार्डावर, आणि दुसऱ्याला १ पूल पडतो. दोन्ही आपल्या पाळीबाहेर टाकायची मास्टर कार्डं आहेत, म्हणून पुढच्या पाळीतली मास्टर ॲक्शन त्यातच खर्ची पडते. हा हिशेब लोक विसरतात, म्हणून असं कार्ड टाकलं की ते पुढची पाळी येईपर्यंत समोर आडवं ठेवावं.

मारामारीचा भाग त्या मानाने सरळ आहे: अंतर ठरतं, मग प्रहार, मग इजा, मग पुढची फेरी घ्यायची की नाही. एकच गोष्ट पाठ हवी. 'कॉम्बॅट एंड्स' हा प्रहार सगळ्यांच्या आधी लागतो, समोरच्याकडे 'फर्स्ट स्ट्राइक' असला तरीही. युनिक (टेबलावर एकच असू शकणारं) कार्ड दोघांकडे आलं तर दोन्ही उलटी ठेवायची आणि हक्क सोडायचा नसेल तर दर अनलॉक फेजमध्ये प्रत्येकी १ पूल द्यायचा. पदावरून वाद असेल तर पूल जात नाही, त्या व्हॅम्पायरचं १ रक्त जातं.

आता ते जास्तीचं पान. पाळीचे पाच टप्पे (अनलॉक, मास्टर, मिनियन, इन्फ्लुएन्स, डिस्कार्ड), पहिल्या पाळीतले ट्रान्सफर, म्हणजे नवे व्हॅम्पायर आणायला वापरायचे गुण (पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, पुढे सगळ्यांना ४) आणि वर दिलेला ब्लीडचा क्रम, एवढंच ए-४ कागदाच्या एका बाजूला लिहा. ठाणे स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून पाच प्रती काढून लॅमिनेट करून घ्या. वाद झाला की आधी कार्ड मोठ्याने वाचायचं, मग पानावर बोट ठेवायचं. तरी सुटलं नाही तर व्हीडीबी या डेक बांधायच्या साइटवर कार्डाचं नाव टाकायचं, तिथे त्या कार्डावरचे अधिकृत निवाडे मजकुराखालीच दिसतात. दोन मिनिटांत सापडलं नाही तर टेबलावर बहुमताने ठरवून पुढे जायचं आणि डाव संपल्यावर शोधायचं. नियम आणि कार्ड यांत विरोध असेल तर कार्ड खरं, हा मूळ नियम लक्षात असला की निम्मं काम होतं.

कुणी जुनी कार्डं मिसळणार असेल तर जास्त सांभाळा. जुन्या छपाईवर जे लिहिलंय ते ग्राह्य नसतं, त्या कार्डाचा सगळ्यात ताजा अधिकृत मजकूर ग्राह्य असतो. जुन्या कार्डावर 'थॉमॅटर्जी' ही शक्ती दिसेल, ती आताची 'ब्लड सॉर्सरी'च. १९९४ च्या कार्डांची पाठही वेगळी आहे, म्हणून अपारदर्शक पाठीचे स्लीव्ह अनिवार्य समजा. क्रिप्टला (व्हॅम्पायरांच्या गठ्ठ्याला) एक रंग, लायब्ररीला (बाकीच्या कार्डांच्या गठ्ठ्याला) दुसरा.

कुठला डेक कुणाला द्यावा? ट्रेमियर, व्हेंट्रू आणि मॅल्केव्हियन या तिघांकडे डॉमिनेट (गव्हर्न, कंडिशनिंग, डिफ्लेक्शन ही कार्डं ज्या शक्तीची, ती) आहे, म्हणजे वर सांगितलेला सगळा गुंता त्यांच्याच हातात. हे तीन डेक नीट वाचायची सवय असलेल्यांना द्या. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला नॉसफेराटू बरा. लपून जायचं आणि जोरात मारायचं, त्यात क्रमाचे पेच कमी.

खर्चाच्या बाबतीत, परदेशातून मागवणार असाल तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच पाच जणांत वाटणी करा. रक्त आणि पूल मोजायला काउंटर भरपूर लागतात: पाच जणांचे नुसते पूलचेच १५०, आणि बँक वेगळी. चिंचोके उत्तम चालतात, एकसारखे असतात आणि पंख्याखाली उडत नाहीत. आणि जून ते सप्टेंबर कार्डं स्लीव्हसकट, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. ठाण्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली कार्डं कमानीसारखी वाकतात, आणि वाकलेलं कार्ड लायब्ररीत पाठीवरून ओळखू येतं.