जुनं जॅझ, स्विंग, डान्स बँड जमवायचंय: ७८ च्या तबकड्या घ्याव्या, एलपी, सीडी की नुसतं डिजिटल?

जुनं जॅझ जमवायला सुरुवात करतोय, काय घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, नेमकं कुठल्या काळातलं? कारण १९२३ चं शिकागोचं जॅझ, १९३८ चं स्विंग (मोठ्या बँडचं, नाचायचं जॅझ) आणि लंडनच्या हॉटेलांमधलं डान्स म्युझिक या तिघांना एकच उत्तर नाहीये. आणि दुसरं म्हणजे सीडी चांगली की एलपी या वादात लोक इतके अडकतात की मूळ तबकडीवरून ट्रान्सफर, म्हणजे तिच्यावरचा आवाज नव्या माध्यमावर उतरवायचं काम, कुणी केलंय हे बघायचंच राहून जातं, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडतो.

१९२५ ही रेघ डोक्यात ठेवा. त्याआधी स्टुडिओत मायक्रोफोन जवळपास नव्हताच, अख्खा बँड एका भोंग्यासमोर दाटीवाटीनं उभा राहायचा आणि आवाजाच्या जोरावर सुई मेणात चर कोरायची, बस. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडनं १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीसाठी ज्या रेकॉर्ड्स केल्या त्या अशाच. त्यात दुसरं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) वाजवणारा पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग, आणि बेबी डॉड्ससारखा ड्रमर असूनही ड्रम जवळपास ऐकूच येत नाही, कारण मोठ्या ड्रमच्या ठोक्यानं सुई उडायची म्हणून तो बराच वेळ लाकडी ठोकळ्यावर टकटक करतोय. आता हेच वाजवणं वाईट ट्रान्सफरमध्ये ऐका: खरखर घालवण्याच्या नादात वरचे सूर कापून टाकलेले असतात, जॉनी डॉड्सची क्लॅरिनेट पाण्याखालून वाजतेय असं वाटतं, ठोकळा गायब. चांगल्या ट्रान्सफरमध्ये खरखर असते, पण तिच्यामागे दोन्ही कॉर्नेट वेगवेगळी कळतात. थोडी खरखर शिल्लक ठेवलीय म्हणजे काम करणाऱ्याला कान आहे असं समजायला हरकत नाही.

म्हणून १९२५ च्या आधीच्या जॅझसाठी माझं उत्तर सरळ सीडी, किंवा त्या सीडीच्या लॉसलेस फाइल्स, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या. मूळ जेनेट आपल्याकडे मिळणं जवळपास अशक्य, बाहेरून मागवली तर किंमत अफाट, आणि मिळेल ती बहुतेक झिजलेली असणार. आर्मस्ट्राँगचे १९२५ ते २८ चे हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन हे बँड मायक्रोफोनच्या उंबरठ्यावरचे, तिथे जेएसपी लेबलचा चार सीडींचा संच घ्या, ट्रान्सफर जॉन आर. टी. डेव्हिस या ब्रिटिश माणसाचे आहेत. हा माणूस तबकडीचा चर बघून त्याला साजेशी सुई लावायचा आणि स्पीड तपासून घ्यायचा, कारण ७८ हा मिनिटाला फेऱ्यांचा आकडा नुसता नावाला आहे, त्या काळात कुणी ७६ वर रेकॉर्ड करायचं कुणी ८० वर, स्पीड चुकला की सूरच बदलतो. फ्रान्सच्या क्लासिक्स लेबलच्या सीडी वर्षाच्या क्रमानं सगळं देतात, अभ्यासाला फार छान, पण आवाज कधी उत्तम कधी अगदीच रद्दी, आणि एकाच गाण्याचे वेगळे टेक (तेच गाणं पुन्हा वाजवून केलेली रेकॉर्डिंग्ज) त्यात सहसा नसतात.

एलपीबद्दल थोडक्यातच. एलपी आली १९४८ मध्ये, म्हणजे या काळातलं एलपीवर जे काही आहे ते जवळपास सगळं पुनर्मुद्रण. स्विंगसाठी वाईट नाही, जुन्या एलपी स्वस्तात मिळाल्या तर जरूर घ्या, फक्त कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टीरिओ' किंवा तत्सम काही लिहिलेलं दिसलं की खाली ठेवा. साठच्या दशकात मोनो आवाजाला ओढूनताणून स्टीरिओ करायची टूम निघाली होती, त्यात ड्यूक एलिंग्टनचा बँड बाथरूममध्ये वाजल्यासारखा वाटतो. नव्या, जाड, महागड्या एलपीवर १९२७ चं संगीत घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तेवढ्या पैशात सीडीचा अख्खा संच येतो.

आता ७८, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख आपल्याकडून जायची, दुसऱ्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या परत गोळा करायची वेळ आली. आपल्याकडे तबकड्या कलकत्त्याजवळ डमडमला छापल्या जायच्या, साठच्या दशकापर्यंत. त्यामुळे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंदी-मराठी गठ्ठ्यांमध्ये ग्लेन मिलर, व्हिक्टर सिल्व्हेस्टर, रे नोबल अशा बँडवाल्यांचं काहीतरी सापडू शकतं. पार्लोफोन या ब्रिटिश लेबलच्या 'रिदम स्टाइल' मालिकेतलं काही दिसलं तर सोडू नका, ओके (OKeh) या अमेरिकन कंपनीच्या आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड्स इंग्लंडमध्ये त्या नावानं निघायच्या.

घेताना तबकडी उन्हात तिरकी धरा. चर काळा चमकला पाहिजे, राखाडी दिसला तर स्टीलच्या पिनांनी तो खाल्लाय, आणि राखाडी पट्टा मोठ्या आवाजाच्या जागी आधी येतो, म्हणजे नेमका ट्रम्पेटचा सोलो तिथेच फाटणार. कडेवरून नख फिरवा, केसासारखी तडा असेल तर नखाला लागते. घरी आल्यावर स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते. आणि एलपीच्या सुईनं ७८ वाजवू नका, तिला जवळपास तिप्पट जाड, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, ती मिळते, टर्नटेबलला ७८ चा स्पीड आहे ना तेवढं विकत घेतानाच बघा. चावीच्या फोनोवर वाजवायचं तर प्रत्येक बाजूला नवी पिन, यात कंजुषी नको.

पण ७८ चं खरं कारण वेगळंय. १९३५ मध्ये अमेरिकन जॅझवाला लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड, आणि त्यांच्या बरोबरीनं गोव्याचे वादक, हळदोण्याचा चिक चॉकलेट तर आर्मस्ट्राँगच्या ढंगानं ट्रम्पेट वाजवायचा आणि पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या चित्रपट संगीतात सहायक होता. या मंडळींनी इथे केलेल्या रेकॉर्ड्सपैकी फार थोडं सीडीवर आलंय, बाकीचं तबकडीवरच, आणि ते जपायचं तर इथल्याच लोकांनी जपायला हवं, अमेरिकेतला संग्राहक चोरबाजारात येऊन गठ्ठे उपसणार नाहीये.

नुसतं डिजिटलवर भागवायचं असेल तर ऐकायला उत्तम, संग्रह म्हणून कच्चं. स्ट्रीमिंगवर १९२८ च्या गाण्यापुढे २००९ लिहिलेलं असतं, कुठल्या ट्रान्सफरवरून घेतलंय काही पत्ता नाही, आणि पन्नासच्या दशकात पुन्हा केलेल्या हायफाय रेकॉर्डिंगला मूळ म्हणून खपवलेलं असतं, स्विंगवाल्या बेनी गुडमनच्या बाबतीत हे फार होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स आणि इंटरनेट अर्काइव्हवरचे ७८ हे दोन मात्र जरूर वापरा, वादकांची नावं आणि तारखा तपासायला सांता बार्बारा विद्यापीठाची डिस्कोग्राफी आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट साठ वर्षांचा, त्यामुळे या काळातल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात संपलाय, पण गाण्याच्या चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा असतो, स्वतः डिजिटाइझ करून वाटण्याआधी तेवढं तपासा.

हात आखडता असेल तर मी असं करेन: आधी आर्मस्ट्राँगचा तो संच, मग १९४० ते ४२ चा एलिंग्टन आणि १९३७ ते ३९ चा डेक्का कंपनीचा काउंट बेसी, दोन्ही सीडीवर. ब्रिटिश डान्स बँड मात्र ७८ वरच, कारण त्यातलं बहुतेक मायक्रोफोनच्या काळातलं, तबकडीवर दणदणीत वाजतं आणि मागणी कमी म्हणून भावही चढलेला नाही. यात अल बोली या गायकाचा आवाज शोधत असाल तर लेबलवर त्याचं नाव बघू नका, बऱ्याचदा नसतंच, 'न्यू मेफेअर डान्स ऑर्केस्ट्रा' आणि खाली बारीक अक्षरात 'विथ व्होकल रिफ्रेन' एवढंच असतं, त्यामुळे विकणाऱ्यालाही कळत नाही तो काय विकतोय.