ग्योकुरोच्या नावाखाली बांचा गळ्यात मारतात, सावध राहा

जपानमध्ये राहणाऱ्या आणि दिवाळीला घरी जाताना चहा घेऊन जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. टोकियोतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली: उजीच्या शेतकऱ्याकडून थेट, यंदाच्या पहिल्या खुडणीचं ग्योकुरो, दुकानापेक्षा निम्म्या भावात. ग्योकुरो म्हणजे जपानचा उंची हिरवा चहा आणि उजी हे क्योतोजवळचं चहासाठी प्रसिद्ध शहर. वाशी या जपानी हातकागदाने मढवलेले सुरेख डबे, पैसे मात्र आगाऊ. पुण्यात मावशीला आणि माझ्या जपानीच्या बाईंना द्यायला मी डबे मागवले.

ग्योकुरो महाग असतं ते उगीच नाही. खुडणीआधी साधारण २० दिवस झाडांवर आच्छादन घालून ऊन अडवतात. उन्हात पानांतल्या थिअनिनचं, म्हणजे गोडसर चव देणाऱ्या घटकाचं, कॅटेचिन हे तुरट द्रव्य होतं आणि चहा तुरट लागतो. सावलीत थिअनिन टिकून राहतं. ५०-६० अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटं मुरवलं की जेमतेम दोन घोट उतरतात, पण ते असे दाट आणि गोडसर की जिभेवर कितीतरी वेळ रेंगाळतात. वास ताज्या नोरीसारखा, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळासारखा. ज्याने एकदा ते प्यायलंय, त्याला त्याची ओढ समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच या नावावर फसवणं मला फार लागलं.

डबा उघडला तर आत पिवळट, चपटी, रुंद पानं आणि भरपूर काड्या. खरं ग्योकुरो गर्द हिरवं, तुकतुकीत आणि सुईसारखं वळलेलं असतं. कोमट पाण्यात याला चवच उतरेना, पाणी गरम केलं तर नुसता तुरटपणा. आमच्या भागातल्या चहाच्या दुकानात दाखवलं. दुकानातल्या आजोबांनी मूठभर पानं काळ्या ताटलीत पसरली, एक काडी बोटाने बाजूला सारली आणि म्हणाले, "हा बांचा आहे. रोज प्यायला चांगला आहे, पण ग्योकुरो नाही." बांचा म्हणजे उशिरा खुडलेल्या जून पानांचा स्वस्त चहा. तो बांचाच्या भावात विकला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे तुम्ही पाणी चुकीचं घातलंत. ताटलीचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

डब्याच्या मागे काहीही छापलेलं नव्हतं. जपानमध्ये पाकीटबंद चहावर घटक, उत्पादनाचा देश, वजन, मुदत आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता असावाच लागतो. पुढचा 'उजी' शब्द पुरेसा नाही. क्योतोत तयार केलेल्या उजी चहात नारा, शिगा आणि मिए या शेजारच्या प्रांतांतलीही पानं असू शकतात. 'उजीच्याच शेतातलं' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर उत्पादकाचं नाव विचारा.

मी १८८ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. फोनवरच्या बाई मदतीला तयार होत्या, पण विक्रेत्याचं खरं नाव आणि पत्ता माझ्याकडे नव्हता, तिथेच सगळं अडलं. ऑनलाइन खरेदीला कूलिंग-ऑफची, म्हणजे ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करण्याची, सवलत लागू होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत.

तेच डबे आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर आले आहेत. कोणी घेणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी मागच्या लेबलचा आणि उघड्या पानांचा फोटो मागा.